वस्ताद आणि पंच : महाराष्ट्रातील प्राध्यापकांच्या शिकवणीचा इतिहास

आमच्या आंबेगाव तालुक्यात पहिलीच्या वर्गावर उभे राहायचे तर डी.एड. लागते. आठवी-नववीला शिकवायचे तर बी.एड. लागते. एस.टी. महामंडळही नव्या चालकाच्या हाती प्रशिक्षणाशिवाय गाडी देत नाही. पदवीच्या वर्गाला शिकवण्यासाठी मात्र शिकवण्याचे वेगळे शिक्षण घ्यावे लागत नाही. विषयातील पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. असली की पुरे. आज नेमणुकीचे पत्र हातात पडले की उद्या तो माणूस भरल्या वर्गासमोर उभा असतो.

मग प्राध्यापकाला शिकवायला कोण शिकवते? वर्ग हाताबाहेर गेला, मुले येईनाशी झाली, वाचन आटले, विभागात कोणाशी पटेना, तर तो कोणाकडे जातो? हा प्रश्न घेऊन मी काही वर्षे जुनी चरित्रे, शिक्षण आयोगांचे अहवाल आणि आमच्या भागातील महाविद्यालयांची वार्षिक नियतकालिके वाचत आलो आहे. मी स्वतः कोणत्याही महाविद्यालयात शिकवलेले नाही. निरगुडसरला राहतो आणि शेती सांभाळून वाचतो. पण माझ्या भावकीतली आणि शेजारपाजारची बरीच मुले-मुली मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर आणि ओतूरच्या महाविद्यालयांत शिकवतात. त्यांतली बरीचशी तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या हिशेबाने काम करतात. प्रश्न त्यांच्यामुळे पडला, उत्तर शोधायला मात्र इतिहासात जावे लागले.

आधी एका शब्दाचा उलगडा करतो. आमच्याकडे ‘कोचिंग’ म्हटले की बारावीचे किंवा स्पर्धा परीक्षेचे क्लास डोळ्यांपुढे येतात. परदेशातील विद्यापीठांत हा शब्द अध्यापकांसाठीही वापरला जातो. तिथे तो क्लास नसतो. एक अनुभवी माणूस दुसऱ्याच्या कामाकडे बारकाईने पाहतो, त्याला प्रश्न विचारतो, चुका दाखवतो आणि त्याचे त्यालाच पुढे जाऊ देतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने १९६२ साली अध्यापकांना अशी मदत करणारे केंद्र काढले. त्या प्रकारच्या केंद्रांचा एक दंडक असतो : सल्लागाराने वर्गात जे पाहिले ते अध्यापकाच्या परवानगीशिवाय त्याच्या वरिष्ठांपर्यंत जात नाही.

हा दंडक आमच्या गावाकडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. तालमीत वस्ताद असतो आणि जत्रेच्या आखाड्यात पंच असतो. वस्ताद पोराची कमजोरी ओळखतो, ती चारचौघांत बोलत नाही आणि तिच्यावर मेहनत करून घेतो. पंच फक्त निकाल देतो. दोघेही लागतात, पण एकाच माणसाने दोन्ही कामे केली तर पोरगा आपली कमजोरी त्याच्यापासून लपवायला लागतो. महाराष्ट्रातील प्राध्यापकांच्या शिकवणीचा इतिहास मला या दोन भूमिकांच्या सरमिसळीचा इतिहास वाटतो.

रानडे, जोशी आणि एक तरुण प्राध्यापक

एकोणिसाव्या शतकात शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा विचार झाला तो मुख्यतः प्राथमिक शाळांसाठी. पुण्यात त्यासाठी ट्रेनिंग कॉलेज होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत आणि त्यांना पुरेसा पगार मिळावा, असे आग्रहाने मांडले. प्रशिक्षण, शिक्षक कोणत्या घरातून येतो आणि त्याचा पगार, या तिन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मांडल्या, हे पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवायला हवे. महाविद्यालयातील प्राध्यापकाच्या बाबतीत मात्र विद्वत्ता असली की शिकवणे आपोआप येते, असेच सर्वांनी गृहीत धरले होते.

त्याच सुमारास पुण्यात एक वेगळा प्रयोग उभा राहत होता. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. संस्था चालवायची ती आजीव सदस्यांनी. वीस वर्षांची सेवा, माफक पगार आणि कारभारही शिक्षकांच्याच हाती. गोपाळ कृष्ण गोखले १८८६ साली आजीव सदस्य झाले तेव्हा वीस वर्षांचे होते. त्यांना इंग्रजी शिकवावे लागले, गणित शिकवावे लागले, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवावे लागले. आज तालुक्याच्या महाविद्यालयात एकाच प्राध्यापकावर तीन-चार पेपर येतात, तशीच ही स्थिती होती.

गोखल्यांना घडवले ते महाविद्यालयाबाहेरच्या एका माणसाने. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे तेव्हा पुण्यात सरकारी न्यायाधीश होते. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे आणि सरकारला पाठवायच्या निवेदनांचे काम गोखले त्यांच्या देखरेखीखाली करू लागले. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे काढायचे, मसुदा लिहायचा, रानड्यांनी तो तपासायचा आणि पुन्हा लिहायला लावायचा, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. रानडे १८९३ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात गेल्यावरही तो थांबला नाही.

या शिकवणीतला एक प्रसंग गोखल्यांनीच पुढे सांगितला आहे. मेहनतीने तयार केलेल्या निवेदनांना सरकारकडून दोन ओळींची पोच येते, मग हा खटाटोप कशासाठी, असे त्यांनी रानड्यांना विचारले. रानड्यांच्या उत्तराचा आशय असा होता : निवेदनावर नाव सरकारचे असले तरी ती लिहायची लोकांसाठी, त्यांना या गोष्टींचा विचार करायची सवय लागावी म्हणून. चांगला वस्ताद डावपेचांइतकेच महत्त्व धीराला देतो. एका तरुण प्राध्यापकाला आपले काम निष्फळ वाटत होते आणि त्या कामाचा खरा धनी कोण हे त्याला ज्येष्ठाने दाखवले. ज्याने वर्षानुवर्षे रिकाम्या होत जाणाऱ्या वर्गाला शिकवले आहे, त्याला या उत्तराची किंमत कळेल.

दुसरे गुरू होते गणेश व्यंकटेश जोशी. हे सरकारी हायस्कुलातले मास्तर, पुढे हेडमास्तर, आणि आकडेशास्त्रातले जाणकार. १८९७ साली गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला लंडनला गेले. त्या साक्षीच्या तयारीमागे रानडे आणि जोशी या दोघांची मेहनत होती. पुढे कायदे मंडळातील अंदाजपत्रकावरच्या भाषणांसाठीही जोशी गोखल्यांना आकडे आणि टिपणे पुरवत राहिले. म्हणजे हायस्कुलातला मास्तर महाविद्यालयातील प्राध्यापकाला शिकवत होता आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नव्हता.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. गोखल्यांची नोकरी आणि पगार रानड्यांच्या किंवा जोशींच्या हातात नव्हता. तो विषय आजीव सदस्यांच्या मंडळाचा. त्यामुळे गोखले आपला कच्चा मसुदा निर्धास्तपणे त्यांच्यापुढे ठेवू शकत होते.

वेळ कोणाच्या मालकीचा?

ही शिकवणी बिनतक्रार चालली असे मात्र नाही. १८९० साली गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले. लोकमान्य टिळकांनी त्याला हरकत घेतली. आजीव सदस्याने आपला सगळा वेळ संस्थेला द्यावा, बाहेरची कामे आणि बाहेरचे उत्पन्न नसावे, ही त्यांची मूळ भूमिका होती. आगरकर आणि गोखले यांच्याशी त्यांचे मतभेद आधीपासून होते. त्याच वर्षी टिळक सोसायटीतून बाहेर पडले.

हा वाद आपण टिळक-आगरकरांच्या वैचारिक मतभेदांचा भाग म्हणून वाचतो. मी तो आणखी एका बाजूने वाचतो. प्राध्यापकाचा वेळ कोणाचा? त्याने स्वतःच्या घडणीसाठी दिलेले तास संस्थेच्या कामात धरायचे की संस्थेच्या कामातून चोरलेले मानायचे? टिळकांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मोजक्या माणसांवर उभी असलेली संस्था अशी सवलत फार काळ देऊ शकत नाही. गोखल्यांचेही चूक नव्हते, कारण रानड्यांजवळ घालवलेल्या तासांतूनच अर्थशास्त्र शिकवणारा गोखले तयार झाला. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, हा वाद अजून मिटलेला नाही.

गोखल्यांनी स्वतः त्याचे उत्तर आपल्या परीने दिले. १९०५ च्या जूनमध्ये त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा नव्या सदस्याची पहिली पाच वर्षे उमेदवारीची ठेवली. या काळात त्याने अभ्यास करायचा, देश पाहायचा, ज्येष्ठांच्या हाताखाली तयार व्हायचे, आणि त्याच्या निर्वाहाची सोय समाजाने करायची. जे त्यांना सवड काढून मिळवावे लागले, ते पुढच्यांना रीतसर मिळावे अशी ही व्यवस्था होती.

या परंपरेचे कौतुक करताना तिची मर्यादा झाकून ठेवता येणार नाही. रानडे, जोशी, गोखले हे सगळे पुण्यातल्या एकाच सामाजिक वर्तुळातले होते. एकमेकांच्या घरी उठबस होती. त्या उठबशीतूनच शिकवणी घडत होती. आमच्या भागातल्या कुणब्याच्या, माळ्याच्या किंवा भीमाशंकरकडच्या महादेव कोळ्याच्या पोराला त्या ओसरीवर कोण बोलावणार होते? स्त्रियांचा तर प्रश्नच नव्हता. ओळखीवर चालणारी शिकवणी कितीही उत्तम असली तरी ती ओळख असलेल्यांनाच मिळते. म्हणून पुढे सरकारी व्यवस्था आली तेव्हा तिच्यात कितीही दोष असले तरी तिने एक दार पहिल्यांदा हक्काने उघडले, हे मी महत्त्वाचे मानतो.

महाविद्यालये गावाकडे आली

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. १९४७ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झाले. रयत शिक्षण संस्थेने आजीव सेवकांची पद्धत आपल्या रीतीने चालवली. विशेष म्हणजे कर्मवीरांनी महाविद्यालयाच्या बारा वर्षे आधी, १९३५ साली, साताऱ्यात ग्रामीण प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले होते. शिक्षक घडवावा लागतो हे त्यांना पक्के माहीत होते.

आमच्या पट्ट्यात जुन्नरचे श्री शिवछत्रपती महाविद्यालय १९७० साली सुरू झाले. मंचरला रयतचे अण्णासाहेब आवटे महाविद्यालय, ओतूरला अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालय, नारायणगावला ग्रामोन्नती मंडळाचे, घोडेगावला बी. डी. काळे महाविद्यालय अशी ठिकठिकाणी सोय झाली. ज्या मुलाला पुण्याला खोली घेणे परवडत नव्हते, तो सकाळची गाडी पकडून पदवीधर होऊ लागला. त्यातलेच काही पुढे एम.ए. करून त्याच महाविद्यालयांत शिकवायला आले. घरातला पहिला पदवीधर तोच आणि पहिला प्राध्यापकही तोच.

अशा प्राध्यापकाला शहरातल्या सहकाऱ्यापेक्षा सोबतीची गरज जास्त होती. ग्रंथालय लहान, विभागात तो एकटाच, संदर्भाची पुस्तके इंग्रजीत आणि वर्ग मराठीत. बारा वर्षे राज्यशास्त्र शिकवताना विषयावर बोलायला एकही माणूस जवळ नव्हता, असे एका निवृत्त प्राध्यापकांनी मला सांगितले. बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, पाऊस कमी झाला हे सांगावे तसे त्यांनी ते सांगितले.

कोठारी आयोग आणि गारगोटीचा माणूस

प्राध्यापकांच्या शिकवणीचा राष्ट्रीय पातळीवर नेमका विचार झाला तो कोठारी आयोगात. हा आयोग १९६४ साली नेमला गेला आणि १९६६ साली त्याने अहवाल दिला. अध्यक्ष दौलतसिंग कोठारी, सदस्य-सचिव जे. पी. नाईक. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातले, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतले. खेड्यातली शिक्षणसंस्था कशी चालते हे त्यांनी हाताने काम करून जाणले होते. त्यांनी काढलेली भारतीय शिक्षण संस्था पुढे पुण्याला आली.

नव्या व्याख्यात्याला रुळायला वेळ मिळावा, त्याने चांगल्या अध्यापकांचे तास ऐकावेत, वर्षाच्या सुरुवातीला विद्यापीठाने आणि शक्य तिथे महाविद्यालयांनी काही आठवड्यांचे उद्बोधन वर्ग घ्यावेत, आणि मोठ्या विद्यापीठांत किंवा विद्यापीठांच्या गटासाठी कायमचे स्टाफ कॉलेज असावे, असे आयोगाने सुचवले. सूचना साध्या आहेत, पण त्यांत वस्तादाची कल्पना शाबूत आहे. ज्येष्ठाच्या वर्गात मागे बसून ऐकणे ही जगातली सर्वांत स्वस्त आणि जुनी शिकवणी आहे. यातल्या कशाचाही संबंध आयोगाने पगारवाढीशी थेट जोडलेला नव्हता.

सूचना आली आणि वीस वर्षे पडून राहिली. मधल्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांना संशोधनासाठी रजा आणि शिष्यवृत्ती देणारी योजना आणली. तिचा लाभ आमच्या भागातल्याही काहींना झाला. पण ती पदवी मिळवण्याची सोय होती, शिकवणे सुधारण्याची नव्हती.

पगार आणि वर्ग यांची गाठ

१९८६ साली राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. त्याच सुमारास मेहरोत्रा समितीने विद्यापीठ आणि महाविद्यालयीन अध्यापकांच्या वेतनाविषयी शिफारशी केल्या. १ जानेवारी १९८६ पासून नव्या वेतनश्रेणी लागू करण्याचे ठरले. अटींवरून आणि अंमलबजावणीवरून असंतोष वाढला आणि १९८७ साली देशभरातील प्राध्यापक संपावर गेले. याच काळात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनेतून देशात ४८ अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे उभी राहू लागली. पुणे विद्यापीठातही असे केंद्र झाले.

म्हणजे कोठारी आयोगाची कल्पना प्रत्यक्षात आली ती वेतनाच्या वाटाघाटींच्या हंगामात. व्याख्यात्याची मूळ श्रेणी २२००–४००० रुपये, वरिष्ठ श्रेणी ३०००–५००० रुपये. वरच्या श्रेणीत जायचे तर आठ वर्षांची सेवा हवी आणि ठरलेले वर्गही पूर्ण केलेले हवेत. सरकारचे म्हणणे समजण्यासारखे होते : समाज तुम्हाला चांगला पगार देतो, तर तुम्हीही स्वतःला ताजे ठेवा. पण त्या दिवसापासून वर्गाचे प्रमाणपत्र हा पदोन्नतीच्या फाइलीतला एक कागद झाला. वस्तादाच्या हातात पंचाची शिट्टी आली.

उद्बोधन वर्ग चार आठवड्यांचा, उजळणी वर्ग तीन आठवड्यांचा. उद्बोधन वर्गाचे चार भाग ठरवलेले होते. पहिला समाज, पर्यावरण, विकास आणि शिक्षण यांचा संबंध. दुसरा शिक्षणाचे तत्त्वज्ञान, भारतीय शिक्षणव्यवस्था आणि अध्यापनशास्त्र. तिसरा माहितीची साधने आणि ज्ञाननिर्मिती. चौथा व्यवस्थापन आणि व्यक्तिमत्त्व विकास. कागदावर ही आखणी आजही चांगली वाटते.

वर उल्लेख केलेल्या निवृत्त प्राध्यापकांनी नव्वदच्या दशकात केलेल्या उद्बोधन वर्गाची आपली वही मला वाचायला दिली. पहिल्या आठवड्यात व्याख्यानांची टिपणे भरगच्च आहेत. दुसऱ्या आठवड्यापासून ती विरळ होतात. पण वहीच्या मागच्या पानांवर वेगळीच नोंद आहे : वसतिगृहात रात्री झालेल्या गप्पांतली. कोकणातला एक व्याख्याता गटचर्चा कशी घेतो, विदर्भातली एक व्याख्याती मागच्या बाकांवरच्या मुलींना बोलते कसे करते, अवघड इंग्रजी उतारा आधी मराठीत समजावून मग मूळ कसा वाचून घ्यायचा. सरांच्या मते त्या महिन्यातली खरी कमाई ती मागची पाने होती. बारा वर्षांनी विषयावर बोलायला माणसे भेटली ती जेवणाच्या पंगतीत.

म्हणून या केंद्रांना सरसकट नावे ठेवणे मला मान्य नाही. खेड्यातल्या प्राध्यापकाला त्यांनी चार आठवड्यांची पगारी सवड दिली. जुन्या पुण्यात ओळखीने मिळणारी सोबत इथे नियमाने मिळाली. घोडेगावचा माणूस आणि मुंबईचा माणूस एका खोलीत राहिले. हे लहान काम नव्हते.

कागद वाढत गेला

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. पुष्कळ प्राध्यापकांचे वर्ग वेळेत होईनात, म्हणून आयोगाला मुदती पुनःपुन्हा वाढवाव्या लागल्या. २०१० च्या नियमांनी अध्यापकाचे काम गुणांत मोजायची पद्धत आणली. परिषद, शोधनिबंध, पुस्तक, वर्ग, प्रत्येकाला गुण. गुणांच्या मागे चर्चासत्रांचा आणि शोधनिबंधांचा असा पूर आला की २०१८ च्या नियमांत ही पद्धत सैल करावी लागली. २०१५ साली स्टाफ कॉलेजांचे नाव बदलून मानव संसाधन विकास केंद्र झाले. २०१८ मध्ये ‘स्वयम्’वर ऑनलाइन उजळणी वर्ग सुरू झाले. कोरोनाच्या काळात तर सगळेच वर्ग पडद्यावर गेले. २०२३ च्या शिक्षक दिनी मालवीय मिशन सुरू झाले आणि केंद्रांना पुन्हा नवे नाव मिळाले.

ऑनलाइन वर्गांनी गावाकडच्या अध्यापकाचा प्रवास आणि खर्च वाचवला. स्त्री-अध्यापकांना घर सोडून महिनाभर राहण्याची अडचण टळली, हाही मोठा लाभ. पण वहीची ती मागची पाने पडद्यावर लिहिली जात नाहीत.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. ब्रिटनमध्ये १९९७ च्या डिअरिंग समितीने विद्यापीठातील नव्या अध्यापकांसाठी रीतसर प्रशिक्षणाची शिफारस केली आणि तिथेही अध्यापकांच्या घडणीला प्रमाणपत्राची जोड मिळाली. फरक इतकाच की मिशिगनसारख्या केंद्रांनी गुप्ततेचा दंडक राखला. तिथे प्राध्यापक आपणहून जातो आणि आपली अडचण सांगतो. आपल्याकडे वर्गाला जाणारा आधी विचारतो, प्रमाणपत्र कधी मिळेल? दोष त्याचा नाही. शिट्टी ज्याच्या हाती, त्याच्यापुढे कोण आपली कमजोरी उघड करील?

तासिकेचा हिशेब

या सगळ्या इतिहासाच्या बाहेर राहिलेला माणूस म्हणजे तासिका तत्त्वावरचा अध्यापक. मंजूर पदे भरण्यावर सरकारने वेळोवेळी निर्बंध घातले आणि रिकाम्या जागांवर तासाच्या हिशेबाने माणसे उभी राहिली. आमच्या भागातल्या अनेक वर्गांचा भार आज त्यांच्यावर आहे. नेट झालेली, पीएच.डी. झालेली, तिशी-पस्तिशीतली ही मुले-मुली.

स्टाफ कॉलेजांच्या मार्गदर्शक तत्त्वांत त्यांना पूर्ण मज्जाव नव्हता. तीन शैक्षणिक सत्रे शिकवलेल्या तात्पुरत्या अध्यापकालाही प्रवेश देता येईल अशी तरतूद होती. पण हिशेब करून पाहा. ज्याला घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात, तो चार आठवडे वर्गाला गेला तर त्या महिन्याची कमाई बुडाली. परत येईपर्यंत ते तास दुसऱ्याला दिलेले नसतील याची हमी कोण देणार? आणि ज्या पदोन्नतीसाठी ते प्रमाणपत्र, ती पदोन्नती त्याच्या वाट्याला येणारच नाही. कायमस्वरूपी प्राध्यापकाला निदान कागदाचे आमिष आहे. याला तेही नाही.

इतिहास शिकवणाऱ्या एका तरुणीने मला सांगितले : “काका, पाच वर्षांत माझ्या वर्गात येऊन कोणी बसलं नाही. चांगलं शिकवते की वाईट, मला खरंच माहीत नाही. मुलं चांगलं म्हणतात, पण मुलं सगळ्यांनाच म्हणतात.” गोखले वीस वर्षांचे असताना त्यांचा मसुदा तपासायला रानडे होते. हिची तयारी, वाचन आणि हुशारी कमी नाही. तिचा मसुदा तपासणारा कोणी नाही.

नुकसान तिच्यापुरते राहत नाही. तिच्या समोर बसलेली मुले डिंभ्याच्या वरच्या आदिवासी पाड्यांतून, कांदा-बटाट्याच्या शेतांतून येतात. त्यांच्या घरात चुकीचे शिकवले गेलेले दुरुस्त करणारे कोणी नसते. पुण्यातल्या मुलाला कच्चा प्राध्यापक मिळाला तर तो क्लास लावतो. आमच्या मुलाला जे वर्गात मिळाले तेवढेच मिळाले. फुल्यांनी प्रशिक्षण, घर आणि पगार एकत्र का मांडले होते, ते इथे कळते. त्यांनी ते प्राथमिक शिक्षकासाठी मांडले होते. आज पदवीचा वर्ग त्या जागी आला आहे.

काय करता येईल

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मार्गदर्शनाच्या राष्ट्रीय अभियानाची कल्पना आहे. उत्तम ज्येष्ठ आणि निवृत्त अध्यापकांचा, भारतीय भाषांत शिकवू शकणाऱ्यांसह, एक गट असावा आणि त्यांनी विद्यापीठ-महाविद्यालयांतील अध्यापकांना थोड्या किंवा दीर्घ काळासाठी साहाय्य करावे, असे त्यात म्हटले आहे. रानडे-जोशींची पद्धत सरकारी भाषेत लिहिली तर ती अशीच दिसेल. पण ही कल्पनाही गुण, नोंदी आणि प्रमाणपत्र यांच्या वाटेने गेली तर १९८७ चीच पुनरावृत्ती होईल.

इतिहासातून मला तीन गोष्टी निघताना दिसतात. पहिली, मार्गदर्शक आणि मूल्यमापक वेगळे असावेत. जो वर्गात मागे बसून पाहील त्याचा शेरा प्राचार्यांच्या टेबलावर जाऊ नये. दुसरी, शिकण्याचा वेळ हा कामाचा वेळ मानावा. तासिकेवरच्या अध्यापकाला ज्येष्ठाचा तास ऐकण्याचेही मानधन मिळावे. आठवड्याला एक तास धरला तरी संस्थेच्या किंवा सरकारच्या अंदाजपत्रकात तो दिसणारही नाही इतका लहान खर्च आहे. तिसरी, सोबत ओळखीवर सोडू नये. जुन्या पुण्यातली शिकवणी खोल होती पण तिचे दार अरुंद होते. नव्या व्यवस्थेने दार रुंद केले, पण खोली घालवली.

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके मिळून पाच-सहा जुनी महाविद्यालये आहेत आणि तीस-पस्तीस वर्षे शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक मंचर, नारायणगाव, जुन्नर या गावांत राहतात. पेन्शन आहे, प्रकृती बरी आहे, दुपार मोकळी आहे. यातल्या दहा-वीस जणांनी दर आठवड्याला एका तरुण अध्यापकाच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचे, नंतर चहा घेताना अर्धा तास बोलायचे, आणि त्याची कुठेही लेखी नोंद करायची नाही, इतके ठरवायला शासन निर्णय लागत नाही. महाविद्यालयाने मात्र दोन गोष्टी द्यायला हव्यात : वर्गाचे दार उघडे ठेवायचे आणि त्या अर्ध्या तासाचे मानधन त्या तरुणाला द्यायचे.

मी हे दोन-तीन निवृत्त सरांशी बोललो आहे. त्यांची तयारी आहे. वही देणारे सर म्हणाले, आम्हाला मानधन नको, पण त्या पोरांचा तास बुडाला असे धरू नका. टिळक आणि गोखले ज्या प्रश्नावर अडले होते, त्याचे इतके सोपे उत्तर मला कोणत्याही अहवालात सापडले नाही.